नर्सबाईंचे हात कोणी बांधले?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी पाककृतींवर बोलते, कोणी बचतीवर, कोणी मुलांच्या अभ्यासावर. यंदा मला बोलायला सांगितले तेव्हा मी विषय घेतला तो कळेचा. कळ म्हणजे आजारपणातले ते दुखणे, जे माणसाला रात्र रात्र झोपू देत नाही आणि घरातल्या कोणाच्या घशाखाली घास उतरू देत नाही. या कळेवर औषध आहे. ते महागही नाही. आपल्याच देशात त्याचे पीक निघते. तरीसुद्धा आपल्या कसाऱ्यापर्यंत येता येता ते वाटेत अडकते. ते का अडकते, आणि त्यात आपल्या नर्सबाईंचा दोष किती, एवढेच मला आज सांगायचे आहे.

मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. सासूबाईंच्या आजारपणात परळच्या टाटा रुग्णालयात जाणेयेणे झाले. तेथल्या परिचारिकांना मी पुष्कळ प्रश्न विचारले, त्यांनीही न कंटाळता उत्तरे दिली. घरी आल्यावर मुलीकडून कायद्याचे कागद वाचून घेतले. त्यातले जे नीट समजले तेवढेच सांगते.

आपल्याकडे एक तक्रार नेहमी ऐकू येते. "नर्सबाई सरकारचा पगार खातात, पण माणूस तळमळत असला तरी जोराचे इंजेक्शन देत नाहीत." विहिरीवर, नळावर, गाडीची वाट पाहताना फलाटावर हे बोलणे मी ऐकले आहे. आमच्या घरासंबंधानेही ते झाले. सासूबाईंना गालाच्या आतून कर्करोग झाला होता. लहानपणापासून मिश्री लावायची सवय. आपल्या भागात किती बायांना ती आहे हे मी सांगायला नको. शेवटच्या महिन्यांत त्यांना मॉर्फिनच्या गोळ्या चालू होत्या, आणि त्या गोळ्यांवर त्या पेज पीत, नातवंडांशी बोलत, दुपारी डोळा लागे. एका श्रावणात पावसाने रुळांवर पाणी आले आणि गाड्या बंद पडल्या. गोळ्या आणायला निघालेले घरचे माणूस वाटेतून परत आले. दोन रात्री आणि एक दिवस गोळी नव्हती. त्या दोन रात्री कशा गेल्या त्याचे वर्णन मी करणार नाही. ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते ठाऊक आहे.

त्या रात्री वस्तीवरच्या नर्सबाई भिजत आल्या. त्यांनी जखम धुतली, कूस बदलली, डॉक्टरांना फोन लावला, आणि डॉक्टरांनी सांगितलेले साधे वेदनाशामक दिले. मॉर्फिन मात्र दिले नाही. दुसऱ्या दिवशी वस्तीत बोलणे झाले, की बाईच्या पेटीत औषध होते पण तिने हात आखडता घेतला. भगिनींनो, बाईंच्या पेटीत ते औषध नव्हतेच. आणि असते, तरी डॉक्टरांच्या लेखी आज्ञेवाचून ते देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. हात आखडले नव्हते, बांधलेले होते. ते कोणी आणि कशाने बांधले, ते आता पाहू.

पहिली गाठ आहे चिठ्ठीची. आपल्याकडे परिचारिकेची नोंदणी होते ती महाराष्ट्रात १९६६ सालच्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाप्रमाणे. त्याआधी सबंध देशासाठी १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला होता, आणि त्याची जागा घेण्यासाठी २०२३ साली संसदेने परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा केला. नोंदणी झालेली परिचारिका औषध देऊ शकते, सुई टोचू शकते, सलाईन लावू शकते. परंतु कोणते औषध, किती आणि केव्हा, हे लिहून देण्याचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांचा आहे. उपकेंद्रातल्या नर्सबाई आपल्याला तापाची गोळी किंवा जुलाबावरची पुडी देतात, ती सरकारी आरोग्य कार्यक्रमातली म्हणून. १९४५ सालच्या औषध नियमांत त्यासाठी खास सूट ठेवली आहे. त्या सुटीने मॉर्फिन देता येत नाही.

दुसरी गाठ जास्त घट्ट आहे. मॉर्फिन निघते अफूपासून. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, आणि नीमच व गाझीपूर येथे सरकारचे अफूचे कारखाने आहेत. म्हणजे औषधाचे मूळ आपल्याच मातीत आहे. पण १९८५ साली मादक पदार्थांविरुद्ध कडक कायदा झाला, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. गर्द विकणाऱ्यांना जरब बसावी हा हेतू चांगला होता. शिक्षाही जबर ठेवली, दहा वर्षांच्या तुरुंगवासाच्या खाली गोष्ट नाही. २००१ साली दुरुस्ती होऊन मालाच्या प्रमाणाप्रमाणे शिक्षा कमीजास्त झाली, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. नोंदवहीत एखादी गोळी चुकली तरी तुरुंग, या धास्तीने औषधविक्रेत्यांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. ठेवायचे म्हटले तर वेगवेगळ्या खात्यांचे अनेक परवाने लागत, आणि ते सगळे एकाच वेळी मुदतीत असावे लागत. एक हाती येईतो दुसऱ्याची मुदत संपलेली. पुढच्या दहाबारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. चोराला धरायला लावलेले जाळे आणि त्यात आजारी माणूस अडकला, अशी ती गत झाली.

१९९८ साली एका मुलाने दिल्लीच्या उच्च न्यायालयात यासाठी दाद मागितली. त्याच्या आईला स्तनाचा कर्करोग होता आणि तिच्यासाठी मॉर्फिन मिळत नव्हते. केरळात कोझिकोडे येथे १९९३ साली डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेशकुमार यांनी इतरांच्या साथीने वेदनामुक्तीची संस्था काढली होती. अशा मंडळींनी वर्षानुवर्षे सरकारदरबारी खेटे घातले, तेव्हा कुठे २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. त्या दुरुस्तीने 'अत्यावश्यक मादक औषधे' असा वेगळा वर्ग निर्माण केला. मॉर्फिन त्यात आले. पुढे २०१५ साली सबंध देशाला एकच नियम झाले. आता रुग्णालयाला अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एकच मान्यता घ्यावी लागते. तेथे वेदनाशमनाचे शिक्षण घेतलेला डॉक्टर हवा, आणि औषध किती आले, किती दिले, याची नोंद हवी. एवढे असले की तेथे मॉर्फिन ठेवता येते आणि घरी न्यायला देता येते.

म्हणजे दुसरी गाठ कायद्याने सैल केली आहे. ती हाताने सोडायची मात्र राहिली आहे. जेथे कोणी मान्यता मागितलीच नाही, तेथे २०१४ ची दुरुस्ती कागदावरच राहते.

आता कोणी म्हणेल, मग यात परिचारिकेचे काम ते काय? डॉक्टरने लिहावे, तिने द्यावे, संपले. तसे नाही. इंग्लंडमध्ये सिसिली साँडर्स नावाच्या बाई होऊन गेल्या. त्या आधी परिचारिका होत्या. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटले, तेव्हा रुग्णालयात समाजसेविका झाल्या, आणि पुढे वैद्यकी शिकून डॉक्टर. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर नावाचे शुश्रूषागृह उघडले. मरणाच्या वाटेवरच्या माणसाला कळ येण्याची वाट पाहून औषध देऊ नये, कळ येण्याआधी घड्याळाप्रमाणे द्यावे, हे त्यांनी जगाला पटवले. घड्याळाकडे पाहायला रात्रंदिवस जवळ कोण असते? परिचारिका, नाहीतर घरची बाई. १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही हेच सांगितले: शक्यतो तोंडाने द्या, घड्याळाप्रमाणे द्या, आणि पायरीपायरीने चढा. पहिल्या पायरीला पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी, दुसऱ्या पायरीला कोडीन किंवा ट्रॅमाडॉल, तिसऱ्या पायरीला मॉर्फिन. यातले ट्रॅमाडॉलही २०१८ पासून एनडीपीएसच्या कक्षेत आले आहे, तेव्हा तेही चिठ्ठीवाचून मागू नये.

रोगी किती पायऱ्या चढला हे डॉक्टरला कळते ते परिचारिकेच्या नोंदीवरून. ती विचारते, "शून्य ते दहामध्ये दुखणे किती?" आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांना हा प्रश्न समजत नाही. सासूबाईंना मी बोटे मोजायला सांगत असे. दहा बोटे म्हणजे सोसवेना, दोन बोटे म्हणजे चालेल. कोणी रुपयातले आणे विचारावे. सोळा आणे दुखते की चार आणे? रीत कोणतीही असो, पण विचारावे आणि लिहून ठेवावे. गोळीने पोट जवळजवळ हटकून बांधते, म्हणून जोडीला पोट साफ होण्याचे औषध चालू आहे ना, हे परिचारिका पाहते. पहिले काही दिवस गुंगी येते, मळमळते. ते किती आहे हे पाहते. श्वास मंद झाला, माणूस हलवूनही नीट जागे होईना, तर ताबडतोब डॉक्टरांना कळवते. रात्री दोनदा उठावे लागू नये म्हणून झोपतानाची मात्रा कशी घ्यायची, ते डॉक्टरांकडून लिहून घेते आणि आपल्याला समजावते. केरळात २००८ साली सरकारने या कामाचे धोरण ठरवले, आणि तेथे ग्रामपंचायतींच्या मदतीने शिकवून तयार केलेल्या परिचारिका घरोघर जातात. लिहून देण्याचा अधिकार तेथेही डॉक्टरचाच. तरी दार वाजवते ती परिचारिका.

आपले महाराष्ट्र राज्य यात अगदीच मागे होते असे नाही. देशातले पहिले असे शुश्रूषागृह, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला निघाले. पुण्यात वारजे येथे १९९७ साली सिप्लाचे केंद्र सुरू झाले. केरळच्या मागोमाग २०१२ साली महाराष्ट्रानेही धोरण केले. २०१८ नंतर उपकेंद्रांना जो नवा दर्जा मिळाला, ज्यांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तेथल्या सेवांच्या यादीत अशा रोग्यांची शुश्रूषा आहे. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमतात, त्यांत परिचर्येची पदवी घेतलेल्या मुलीही असतात. म्हणजे यादीत नाव आहे, हुद्दा आहे. आपण फक्त विचारायचे की औषध कोठपर्यंत आले.

काही देश आणखी पुढे गेले आहेत. आफ्रिकेतल्या युगांडा देशात डॉक्टर फार थोडे. तेथे २००४ सालच्या नियमाने, खास शिक्षण घेतलेल्या परिचारिकांना मॉर्फिन लिहून देण्याची मुभा मिळाली. इंग्लंडमध्येही विशेष पात्रता असलेल्या परिचारिका २०१२ पासून अशी औषधे लिहून देऊ शकतात. आपल्याकडे असे व्हावे का, यावर दोन मते होतील. माझे मत विचाराल तर सरसकट सर्वांना नको. चिठ्ठीची गाठ ही रोग्याच्या रक्षणासाठी आहे. जोरकस औषध आहे, चुकीच्या हाती गेले तर घात होतो. पण जिने खास शिक्षण घेतले आहे, जिच्या वस्तीपासून डॉक्टर दोन डोंगरांपलीकडे आहे, तिला निदान डॉक्टरने आधी सुरू केलेली मात्रा ठरलेल्या मर्यादेत पुढे चालू ठेवण्याची मुभा असावी. गाडी बंद पडली म्हणून माणसाने तळमळावे, हे काही रक्षण नव्हे.

तिसरी गाठ कायद्याने बांधलेली नाही. ती आपण बांधली आहे. "मॉर्फिन म्हणजे गर्द, सवय लागेल", "मॉर्फिन दिले म्हणजे आता काही खरे नाही", "बाईने सोसायचे असते, बाळंतपण नाही का सोसले", ही आपलीच वाक्ये आहेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्यासाठी घेतलेल्या या औषधाचे व्यसन क्वचितच लागते. शरीराला सवय होते हे खरे, म्हणून ते एकदम तोडू नये; तोडले तर घाम येतो, कापरे भरते, पोट बिघडते. कमी करायचे तर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू. आणि त्याने मरण लवकर येते ही समजूत तर सोडूनच द्यावी. योग्य मात्रेने कळ थांबते, तेव्हा माणूस जेवतो, झोपतो, दोन शब्द बोलतो. आमच्या घरी मी हे पाहिले.

आता ज्यांच्या घरी हे औषध चालू आहे किंवा पुढे होईल त्यांच्यासाठी चार गोष्टी. रोग्याच्या नावाने एका वेळी जेवढे औषध दिले तेवढे त्याने जवळ ठेवणे गुन्हा नाही. नियमांतच तशी तरतूद आहे. मात्र चिठ्ठी नेहमी औषधाबरोबर ठेवावी, गाडीतून आणताना तर नक्कीच. औषध कुलपात, पोरांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे. शेजारच्या कोणाचे कितीही दुखत असले तरी त्यातली एक गोळीही देऊ नये; प्रत्येकाची मात्रा वेगळी, आणि कायद्याने तो गुन्हाही होतो. रोगी गेल्यावर उरलेल्या गोळ्या उकिरड्यावर टाकू नयेत, जेथून मिळाल्या तेथे परत नेऊन द्याव्यात. आणि पावसाळ्यात गोळ्या संपेपर्यंत थांबू नये. आठवडा बाकी असतानाच निघावे. कसारा हे लोकलचे शेवटचे स्टेशन. मुंबई येथून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. खाली पाणी तुंबले की आपला मार्ग खुंटलाच.

मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आपण नळासाठी अर्ज केले, रस्त्यावरच्या दिव्यांसाठी केले. तसाच एक अर्ज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या अधीक्षकांना करावा. त्यात भांडण नको, नुसते प्रश्न असावेत. अत्यावश्यक मादक औषधे ठेवण्याची मान्यता तालुक्यात कोणत्या रुग्णालयाला आहे? नसेल तर ती मागणार केव्हा? वेदनाशमनाचे शिक्षण घेतलेले डॉक्टर कोण? आपल्या नर्सबाईंना, समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना आणि आशाताईंना हे शिक्षण केव्हा देणार? परळला सुरू झालेले औषध पुढे शहापुरास मिळेल अशी व्यवस्था करता येईल काय? अर्जाची पोच घ्यावी आणि उत्तर येईतो दर महिन्याला विचारावे. त्याचबरोबर आपल्या वस्तीत, आणि आसपासच्या पाड्यांवर, कोणत्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे त्याची यादी आपण दोघीतिघींनी करून नर्सबाईंना द्यावी. पाड्यावरची बाई आपण होऊन सांगायला येत नाही, तिला वाटते दुखणारच.

आणि शेवटची विनंती. पुढच्या वेळी नर्सबाई "मला हे देता येत नाही" म्हणाल्या, तर त्यांना बोल लावू नका. त्यांना विचारा, "बाई, कोणाची सही हवी, आणि ती आणायला आम्ही कोठे जावे?" पुष्कळदा असे होते, की त्यांनाही कोणीतरी हे विचारायला हवे असते. दोन कागद आपण हलवले, तर एखाद्या घरातली एक रात्र तरी शांतपणे जाईल.